ग्रंथपालांचा गप्प पाय

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरकावं, कारण गोष्ट एका फार हळू बोलणाऱ्या माणसाची आहे, आणि ती मोठ्याने सांगितली तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल.

हे गृहस्थ वाचनालयात ग्रंथपाल. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या खोकल्याकडेसुद्धा चष्म्यावरून बघितलं होतं. वरच्या फळीवरचा शब्दकोश काढताना शिडी सरकली आणि एका पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. पडताना तोंडातून अवाक्षर निघालं नाही. समोर चारजण वाचत होते ना.

दवाखान्यात अर्धं प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाचं मी बघते. मला काळजी आहे ती आतल्या स्नायूंची. सूज चढली की त्यांची कोंडी होते, रक्त पोचत नाही. काही तासांत कळलं नाही, तर पाय गमवायची पाळी येते."

"मग ते कळायला सारखी सुई टोचून बघणार?" ग्रंथपालांच्या पत्नीने विचारलं.

"नाही, आधी हे." बाईंनी दोन्ही नडग्यांशेजारी एकेक चकती चिकटवली. वायरी उशाशेजारच्या यंत्रात गेल्या. "कातडीतून आत उजेड जातो आणि स्नायूला प्राणवायू किती मिळतोय ते कळतं. चांगला पाय मापाला, मोडका तपासायला. आकडा घसरला की यंत्र वाजेल. पण दुखणं वाढलं तर यंत्राची वाट बघू नका, लगेच सांगा."

"हे सांगतील?" पत्नी म्हणाली. "दाढ काढून आले, ते मला शेजारणीकडून कळलं."

दुपारी ती कपडे आणायला घरी गेली. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. दोन बरगड्या मोडलेल्या, दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. आता कुठे त्याने डोळे मिटले होते, आणि नेमकं यंत्र वाजलं.

सिस्टर आली. "काका, पाय हलवलात ना? चकती सुटलीय." तिने ती दाबून बसवली. दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा वाजलं, पुन्हा चकतीच. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा सिस्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला अडकली होती, आणि ड्रायव्हरने झोपेतच कण्हून कूस बदलली.

ग्रंथपाल शरमेने अर्धे झाले. जन्मभर दुसऱ्यांना गप्प बसवलं आणि आज आपलाच पाय भर दुपारी बोंबलतोय. चकती पुन्हा सुटली असणार, दुसरं काय? चांगल्या पायावरची कशी गुमान बसली आहे, तिच्या शेजारी हीही बसेल. दात-ओठ खाऊन ते वाकले, मोडक्या पायावरची चकती हलकेच सोडवली आणि चांगल्या पायावर लावून टाकली.

यंत्र गप्प झालं. सिस्टरने येऊन लांबूनच आकडे पाहिले, "शहाणा झाला की पाय," असं म्हणून ते कागदावर उतरवले आणि पुढे गेली.

आता पोटरीत कुणीतरी पाचर ठोकत होतं. पण नोंद एक आणि पुस्तक दुसरंच, असं त्यांच्या वाचनालयात कधी घडलं नव्हतं. चकती आपणच हलवली आहे हे ठाऊक असूनही त्यांचा त्या लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास बसला, आणि ते पायालाच दटावत राहिले.

तेवढ्यात ड्रायव्हर दचकून जागा झाला. "काका, मशीन बंद पडलं का?"

"नाही. मीच शांत केलं. तुमची झोप मोडत होती."

"मोडत होती? बावीस वर्षं इंजिनाच्या आवाजात झोपतोय मी. आवाज थांबला की वाटतं, गाडी चढावर बंद पडली. दोन दिवस ह्या शांततेनंच जीव खाल्ला. तुमचा पाय वाजायला लागला तेव्हा कुठं डोळा लागला." मग तो निरखून बघू लागला. "घाम का फुटलाय तुम्हाला?"

"थोडं दुखतंय."

"थोडं म्हणजे?"

"बोटं हलवली की प्राण जातो," ग्रंथपाल कुजबुजले.

ड्रायव्हरची नजर वायरींवरून पायांकडे गेली. "दोन्ही एकाच पायाला? काका, एकाच टायरची हवा दोनदा मोजलीत की." आणि बरगड्या धरून त्याने अशी हाक मारली की सिस्टरच काय, डॉक्टरीणबाईही धावत आल्या.

बाईंनी पट्ट्या कापल्या, प्लास्टर काढलं, चकती जागेवर लावली. आकडा फारच खाली होता. "हा चढला नाही तर आत्ताच चीर द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. शस्त्रक्रियेची खोली तयार करायला माणूस पळाला. पिशवी घेऊन आलेली पत्नी दारातच थांबली. मग आकडा एकाने चढला, आणखी दोनाने, आणि देवाची दया, चढतच गेला. शेवटी सुईने आतला दाब मोजून खात्री केली. पाय वाचला होता.

"तुम्हाला तोंड कशाला दिलंय हो?" एवढंच म्हणून पत्नीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडला होता. कालच्या हाकेने त्याच्या बरगड्या पुन्हा ठणकू लागल्या होत्या. सिस्टरने विचारलं तर म्हणाला, "झकास आहे."

ग्रंथपालांनी घसा साफ केला. "सिस्टर," ते साऱ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "ह्यांना दुखतंय. हे सांगणार नाहीत."

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ड्रायव्हरची आठवण ठेवा. त्याच्या बरगड्यांना कसली चकती लावलेली नव्हती.