उलट्या क्रमाने बिअट्रिस

"जे काढता येतं, ते जोडता येतं!" डेस्मंड टफलीने न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं आणि टोस्टवर मुरंबा असा लावला, जणू काम निम्मं झालंच होतं.

बिअट्रिस ही त्याची गाडी. हिरवी, दोन आसनांची, छत उघडणारी आणि वयाने डेस्मंडच्या लग्नाएवढी. तीन वर्षं ती गॅरेजमध्ये उभी होती, आणि हिलरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या गॅरेजात मातीची भांडी भाजायची भट्टी बसवायची होती. श्रॉपशरमधल्या त्या एवढ्याशा गावात भांडणं होत नाहीत, करार होतात. करार असा : गावच्या फुलांच्या प्रदर्शनाच्या शनिवारी, बाराच्या आत, बिअट्रिस स्वतःच्या चाकांवर हिलरीला घेऊन मैदानात पोचली, तर गॅरेज बिअट्रिसचं. नाही पोचली, तर भट्टीचं.

अडचण एकच होती. पुढचं सस्पेन्शन गंजून असं झालं होतं, की खड्ड्यातून जाताना गाडी म्हाताऱ्या खुर्चीसारखी कण्हायची. ते सगळं उतरवून, सांध्यांमधली रबरं बदलून, परत बसवायचं होतं.

डेस्मंडने रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात चाळीस वर्षं काढलेली. दुरुस्तीच्या पुस्तकात उतरवण्याची पद्धत सहा पानं होती आणि जोडण्याची एक ओळ : 'उतरवण्याच्या उलट क्रमाने.' ही ओळ वाचून त्याचे डोळेच पाणावले. इतकं स्वच्छ वेळापत्रक त्याला आयुष्यात करता आलं नव्हतं!

त्याने प्रत्येक कृतीचं एक कार्ड केलं आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलं. एक : जॅक लावून गाडी उचलणे. दोन : चाके काढणे. तीन : रबरांचे बोल्ट सैल करणे. अशी अडतीस. अकरावं कार्ड 'चहा' होतं, चौदावं 'अंगठा चेचला.'

"उलट जाताना चौदा नंबरला अंगठा बरा होणार का रे?" हिलरीने विचारलं.

"क्रम म्हणजे क्रम," डेस्मंड गंभीरपणे म्हणाला.

कुंपणापलीकडे मिस्टर प्रॉसर राहायचे. एकोणीस वर्षांचा शेजार, पण अजून 'मिस्टर' सुटलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म गाड्या दुरुस्त करत गाड्यांखाली गेला होता. रोज चहाचा कप घेऊन ते कुंपणाशी यायचे, कार्डांच्या दोरीकडे बघायचे आणि म्हणायचे, "वेगळंच आहे हं!"

डेस्मंड खूश व्हायचा. हिलरी मात्र प्रॉसरना चांगली ओळखून होती. चौथ्यांदा 'वेगळंच आहे' ऐकल्यावर तिने आत जाऊन हळूच एक फोन केला.

शनिवार उजाडला. अडतीसपासून मागे येत येत डेस्मंड तिसऱ्या कार्डावर आला. गाडी उचललेली, पुढची चाकं धरणारे त्रिकोणी आर्म खाली लोंबतायत, अशा स्थितीत त्याने रबरांचे बोल्ट पिळून पिळून आवळले. मग दोन : चाके. मग एक : जॅक काढून गाडी खाली.

गाडी खाली आली. म्हणजे मागची बाजू आली. पुढची आलीच नाही! नाक वर करून ती अशी उभी राहिली, की जणू तिला गटाराचा वास आला आहे.

डेस्मंडने गाडीच्या नाकावर हात ठेवून दाबलं. ढिम्म. तो बॉनेटवर बसला. ढिम्म.

"ही आकाशाकडे का बघतेय?" दारात हिलरी. डोक्यावर प्रदर्शनाची टोपी. अकराला दहा कमी.

"बसेल. जरा वेळ लागतो."

"दिव्यांचा उजेड चर्चच्या कळसावर पडेल, डेस्मंड."

कुंपणापाशी कप वाजला. "वेगळंच आहे हं," मिस्टर प्रॉसर म्हणाले.

डेस्मंडने गॅरेजकडे पाहिलं. भट्टीत भाजलेले वाकडे कप त्याच्या डोळ्यांपुढे रांगेत उभे राहिले. मग त्याने ते केलं, जे एकोणीस वर्षांत केलं नव्हतं.

"मिस्टर प्रॉसर, माझं काही चुकलंय का?"

"विचारताय?"

"विचारतोय."

"मग सांगतो." प्रॉसरनी कप खांबावर ठेवला. "हात वर केलेल्या माणसाच्या अंगावरच तुम्ही कोट शिवलात. आता तो हात खाली घेईल कसा? रबराचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, आत माणसं बसवून."

"तीन आठवडे बघताय! सांगितलं का नाहीत?"

"दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये न विचारता सल्ला?" मिस्टर प्रॉसर खरोखर दुखावले. "मी काय तसा माणूस वाटलो तुम्हाला?"

बागेच्या कडेचे रेल्वेचे दोन लाकडी स्लीपर ओढून आणले, खाली शिरायला जागा व्हावी म्हणून पुढची चाकं त्यांवर चढवली. एका आसनावर टोपीसकट हिलरी, दुसऱ्यावर डेस्मंडच्या ऐवजी खताची दोन पोती. डेस्मंड खाली सरपटला. बोल्ट सैल झाला मात्र, बिअट्रिसने एक सुस्कारा टाकला आणि जेवण झालेल्या काकूंसारखी सावकाश खाली टेकली.

"आता आवळा," प्रॉसर म्हणाले. "चहा नंतर."

बाराला चार मिनिटं कमी असताना बिअट्रिस मैदानात शिरली. सरळ, शांत, एकही कण्हणं नाही! डेलियाच्या फुलांच्या तंबूपाशी हिलरीने हात पुढे केला. "जिंकलास. गॅरेज तिचं." डेस्मंडने तो हात दिवसभर सोडला नाही.

चार वाजता दोघं परतली. गॅरेजचं दार उघडं होतं. आत, बिअट्रिसच्या जागेवर बरोब्बर मध्यभागी, कपाटाएवढी भट्टी उभी होती, चारही पाय जमिनीत बोल्टने पक्के.

हिलरीने टोपी काढली. "मी... दोन आठवड्यांपूर्वीच आजच्यासाठी सांगून ठेवली होती रे. किल्ली मिसेस प्रॉसरकडे. मला वाटलं, तू काही वेळेत..." ती थांबली. "आज रद्द करायची राहूनच गेली."

शब्द तो शब्द, भट्टी काढायलाच हवी होती. भट्टीवर पुस्तिका ठेवली होती. बसवण्याची पद्धत नऊ पानं. शेवटच्या पानावर एकच ओळ : 'काढताना याच्या उलट क्रमाने.'

त्याने पुस्तिका मिटली आणि तो कुंपणाशी गेला.

"मिस्टर प्रॉसर, काही सांगायचंय?"

"विचारताय?"

"विचारतोय."

मिस्टर प्रॉसरनी चहाचा एक घोट घेतला, भट्टीकडे बघितलं, दोरीवरच्या अडतीस कार्डांकडे बघितलं.

"भट्टी आहे तिथेच राहू द्या," ते म्हणाले.