कुंडलिकमामांची मुलाखत

परभणीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी ना भाडं सांगितलं, ना खोली दाखवली. मला अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले, चष्मा चढवला आणि म्हणाले, "हं. स्वतःबद्दल दोन शब्द सांगा. दमानं सांगा."

मी नाव सांगितलं, पोखर्णीच्या पुढचं आमचं गाव सांगितलं. बी.कॉम. झालंय, आता इथं राहून नोकरी शोधायचीय, म्हणाले. त्यांनी मान डोलावली. "बराबर. पण ही खोली आमी तुमालाच का द्यावी?"

आतून बाईमाणसाचा आवाज आला, "अहो, द्या की किल्ली! सकाळधरनं उन्हात फिरायलीय पोरगी."

हे कुंडलिकमामा, आणि आतला आवाज मामींचा. मामांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली. निवृत्त झाल्यावर परभणीत घर बांधलं आणि हा मुलाखती घ्यायचा नाद लागला. मामी म्हणायच्या, "तिथं मशिनीपुढं गप बसून बसून साठलंय सगळं. आता आमच्यावर निघायलंय."

दारावर आलेला कुणीही त्यातून सुटत नसे. भाजीवालीला ते विचारत, "ही मेथी आमी का घ्यावी?"

"नका घेऊ. पुढच्या घरी घेतेत," असं म्हणून ती टोपली उचलायची. मामा खूश. "आत्मविश्वास हाय बाईत! दे दोन जुड्या."

नळ दुरुस्त करणारा टाकीखाली मान घालून बसलेला असताना त्यालाही विचारून झालं, "पाच वर्षांनी सोताला कुठं बघता?"

"हितंच, मामा. नळ लय हलका आणलाय तुमी."

मी तर आयतीच घरात सापडलेली उमेदवार. रोज संध्याकाळी अंगणात तालीम. चष्मा डोळ्यावर असला की मी 'तुमी', काढला की 'तू'. पहिल्याच दिवशी मी घोकलेलं उत्तर म्हणून दाखवलं, "माझे वडील शेतीपूरक व्यवसाय करतात."

"म्हंजे काय करतेत?"

"पशुपालन."

"म्हंजे?"

"मेंढ्या आहेत आमच्या."

मामांनी चष्मा काढला. "मग मेंढ्या म्हण की! मेंढ्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" मग त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बाजारात व्यापाऱ्यांशी भाव करायला आबा मलाच पुढं करतात, हे मी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

तुमची उणीव कोणती, या सवालाला मी म्हणाले, "मला प्रत्येक काम अगदी परिपूर्ण लागतं."

"हे मोबाइलवरचं. पानपट्टीवर गेलीस तरी हेच ऐकू येईल. खरी सांग."

मी म्हणाले, "घाबरले की मी लय भरभर बोलते."

"हे झालं माणसाचं उत्तर. आता त्यावर काय करायलीस ते सांग."

काहीच करत नव्हते, ते पहिल्या खऱ्या मुलाखतीत दिसलं. एका बियाण्यांच्या दुकानदाराकडं हिशेबाचं काम होतं. सवाल सगळे तालमीतलेच. पण समोर तिघं बसलेले बघून माझी जीभ अशी सुटली, की माझं उत्तर संपलं तेव्हा मधले गृहस्थ अजून पहिल्या वाक्यावर होते. "कळवू," म्हणाले. काय कळवणार ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

परत येताना वाटभर मी मामांना द्यायची उत्तरं जुळवत होते. ते दारातच उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि बाजूला झाले. "हातपाय धू. मामीनं पिठलं टाकलंय."

बस. जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही, एक सवाल नाही. मेथीची मुलाखत घेणारा माणूस माझ्या मुलाखतीबद्दल चकार शब्द काढेना. रागावले असतील असं वाटून मी मामींना विचारलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या.

"राग कशाचा गं? भ्यायलेत ते. आमचा सागर इंजिनेर झाला. मुलाखतीहून आला, की हे दारात उभे. काय विचारलं? तू काय सांगितलंस? असं का न्हाई सांगितलंस? पोराच्या पायातला बूटबी निघायचा न्हाई. एकदा त्यानं कोपऱ्यावरनंच ह्यांना दारात बघितलं आन् तसाच माघारी वळला. एसटी धरून पुण्याला, दोस्ताकडं. नोकरीबी तिकडंच लागली." त्यांनी पाकळ्या वाटीत टाकल्या. "फोन करतो की. मलाच करतो. 'पप्पा बरे हायेत ना,' म्हणतो. 'देऊ का त्यांना' म्हणलं, की त्याला कायतरी काम निघतंय."

मामा अंगणात झाडांना पाणी घालत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. नळी बराच वेळ एकाच आळ्यात सुरू राहिली.

पुढच्या महिन्यात मला जालन्याला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी लागली. "स्वतःबद्दल सांगा," तिथले साहेब म्हणाले, तेव्हा मी एक श्वास घेतला आणि मेंढ्यांपासून सुरुवात केली. साहेब हसले, पुढं सरकून बसले आणि बाजाराबद्दलच विचारत राहिले. मामांना ही बातमी मी आपणहून सांगितली, तीही पहिल्या सवालापासून शेवटच्यापर्यंत. ते ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ते माझ्या दारात आले. हातात मोबाइल.

"शीतल, एक काम हाय. माझी तालीम घे."

"कसली, मामा?"

"तू सागर हो. मी फोन लावायलोय असं समज."

मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "हॅलो."

"हां सागर, मी बोलायलोय. कसं काय चाललंय? पगार वेळेवर व्हायलाय का? साहेब कसा हाय? पुढचं काय ठरवलंस?"

"मामा," मी हळूच म्हणाले, "हे सगळे सवालच झाले."

ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. "सागर, जेवलास का? आन् हे असं बाहेरचं किती दिवस..." स्वतःच गप्प झाले. मोबाइल उलटासुलटा करत राहिले. मग माझ्याकडं बघून, खरंच माहीत नसल्यासारखं म्हणाले, "सवाल सोडून काय बोलत असतेत गं लोक?"

"जे वाटतंय ते सांगा," मी एवढंच म्हणाले.

त्यांनी तिथंच खाटेवर बसून नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली. ठेवून देतात की काय असं वाटत असताना तिकडून फोन उचलला गेला.

"सागर, मी हाय," मामा म्हणाले. "काय विचारायला न्हाई केला बाबा फोन. तुजी याद आली, म्हून केला."

मामांनी डोळे मिटून घेतले. मग फोनमधून बोलण्याचा बारीक आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग सलग. मामा नुसतं "हां" म्हणत होते. थोड्या वेळानं पुन्हा "हां". खाटेची कड त्यांनी गच्च धरली होती.

मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. शेगडीवर कुकर फुसफुसायला लागला होता. शिट्टी व्हायच्या आत त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला.