डाव्या तर्जनीची साथ

सरोवराकाठच्या त्या शहरात एका वर्षात नऊ जणांना माशांच्या पाण्यातून जडणारा एक दुर्मीळ त्वचारोग झाला. नऊही जण पुरुष होते, एकाहत्तर वर्षांचे आणि विधुर. नऊही जणांची गाठ डाव्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या किंचित वर होती.

ही माहिती वेगवेगळ्या नऊ वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली होती. तरीही त्वचारोग विभागाच्या प्रमुख डॉक्टर इंग्रिड थॉरसन यांना तिचा पत्ता नव्हता. त्या बुधवारी बाई रेसिडेन्सीच्या, म्हणजे विशेष प्रशिक्षणाच्या, अर्जांच्या ढिगात बुडाल्या होत्या. डॉक्टरकी उत्तीर्ण झालेल्यांतून कोणाला त्वचारोगतज्ज्ञ होऊ द्यायचे, हे ठरवणाऱ्या समितीच्या त्या अध्यक्षा होत्या. तेवढ्यात दार ढकलून त्यांचे जुने रुग्ण स्टॅनली ग्रूश्का आत आले. ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ त्याच दिवशी सुरू होत होता; कपाळावर सकाळच्या प्रार्थनेत लावलेली राख होती आणि चेहरा त्याहून काळवंडला होता.

"डॉक्टरबाई, माझं बोट बरं झालंय का नाही?"

"केव्हाच. का हो?"

"मग आरोग्य खात्यानं माझ्या स्वयंपाकघराला टाळं का ठोकलं?"

चर्चच्या तळघरातले ते स्वयंपाकघर ग्रूश्कांच्या दिवंगत पत्नीने, हेलनने, सुरू केले होते. दर शुक्रवारी तिथे तळलेले मासे, बटाट्याची धिरडी आणि राय नावाच्या धान्याचा पाव मिळत. उपासाच्या काळातला पहिला शुक्रवार, मांस वर्ज्य पण मासे चालणारा, दोन दिवसांवर आला होता. हेलन अंथरुणाला खिळली होती त्या वर्षीही या दिवशी कढई चुलीवर चढली होती.

"नऊ जण आजारी पडले म्हणतात, माझ्या माशांनी. बाई, हेलनच्या माशांनी आजवर कुणाला साधी ढेकर करपट आली नाही."

थॉरसनबाईंनी आरोग्य खात्यात फोन लावला. अधिकारी कर्टिस हॉब्ज सभ्य आणि ठाम होते.

"पुरावा भक्कम आहे, डॉक्टर. नऊ स्वतंत्र पेपर, आणि त्या सगळ्यांचा आढावा घेणारा दहावा. प्रेस्टन व्हान्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलाय. नऊही रुग्ण शुक्रवारी एकाच चर्चमध्ये मासे तळतात. डाव्या हाताच्या बोटानं मासा धरायची तिथली पद्धतच घातक असावी, असा त्याचा निष्कर्ष आहे."

"रुग्णांची नावं?"

"नावं कशी छापतील? गोपनीयता आहे."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "ग्रूश्का, तुमच्या स्वयंपाकघरात माणसं किती?"

"सहा. त्यात चार बायका. पाचवा मी, सहावे फादर. पण ते नुसतं मीठ चाखतात."

बाईंनी फोन खाली ठेवला आणि नऊही पेपर पडद्यावर उघडले. ग्रूश्का चष्मा लावून पुढे झुकले.

"हे माझं बोट. हेही माझंच. इथं नख वाढलंय बघा, तेव्हा हेलनची कात्री सापडत नव्हती. हे माझं. हे तर माझंच, पण उलटं छापलंय गाढवांनी."

"तुम्ही नऊ जणांना छापायची परवानगी दिलीत?"

"काय करणार? तुम्ही मला हाताच्या सर्जनकडे पाठवलं, त्यांनी जंतूवाल्यांकडे, त्यांनी एक्स-रेला. जाईन तिथं एक पोर दबा धरून बसलेलं. ग्रूश्काकाका, पेपर नसेल तर रेसिडेन्सी नाही, म्हणायची. रडकुंडीला आलेली. बोट माझं, सही फुकट. म्हटलं, होऊ दे एखाद्या लेकराचं भलं."

"पण तुम्हाला लागलं ते घरी, माशांची काचपेटी धुताना. माझ्या नोंदीत आहे तसं."

"ते त्यांनी कुठं विचारलं? मासे म्हटल्यावर मी आपला स्वयंपाकघराचं सांगत बसलो."

थॉरसनबाईंचा संताप आता शिस्तीत उभा राहिला. एक रोगी नऊदा मोजणे हा विज्ञानाचा अपमान होता, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांनी केला होता. प्रत्येक पेपरच्या शेवटी एका ज्येष्ठ डॉक्टराचे नाव असते, ते काय शोभेला?

"हे मार्गदर्शक म्हणवणारे लोक," त्या म्हणाल्या, "सही करण्याआधी पेपर वाचतात तरी का?"

"मला काय ठाऊक? ह्या चौथ्यावर तुमचंच नाव आहे ना?"

होते. बाईंनी पेपर प्रथमच वाचला. त्यात व्याकरण ठीक होते.

गुरुवारी दोघे हॉब्ज यांच्यापुढे जाऊन बसले. हॉब्ज म्हणाले, छापलेल्या पुराव्याचे खंडन छापूनच यायला हवे. त्याला सहा महिने लागतात.  ग्रूश्कांनी टेबलावर नऊ छायाचित्रे मांडली आणि प्रत्येकाशेजारी आपले डावे बोट ठेवत सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. सातव्या छायाचित्राशी हॉब्ज यांनी टाळे काढण्याच्या आदेशासाठी शिक्का शोधायला खण उघडला.

त्याच संध्याकाळी निवडसमिती बसली. ते नऊ पेपर लिहिणारे नऊही विद्यार्थी यादीत वरच्या जागांवर होते. प्रेस्टन सगळ्यांच्या वर.

"यातला एखादा पेपर कोणी वाचलाय?" थॉरसनबाईंनी विचारले.

"वाचायला वेळ कुणाला आहे?" शेजारचे प्राध्यापक दुखावले. "पण मोजलेत मात्र दोनदा."

शुक्रवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेत प्रेस्टन होता, हातात कोरा परवानगीचा कागद. "काका, साथ नव्हतीच, यावर एक पेपर करतोय. सही कराल? बाकीचे नऊ जणही असेच कागद घेऊन मागून येतातच आहेत."

"आधी हे धर," म्हणत ग्रूश्कांनी त्याच्या हातात धिरड्यांची परात दिली. "वाढून ये. मग बघू."

मग ते जेवायला आलेल्या थॉरसनबाईंच्या टेबलाशी टेकले. "आता सांगा, हे झालं तरी कशानं?"

"आमच्या एका परीक्षेत गुण देणं बंद झालं," बाई म्हणाल्या. "नुसतं पास का नापास, एवढंच कळतं. मग निवडायला आम्हाला मोजता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि पेपर मोजता येतात. म्हणून मुलं लिहितात आणि आम्ही मोजतो. वाचत कोणीच नाही."

"हॉब्जनं वाचला की एक."

"हो," बाई माशाचा काटा बाजूला काढत म्हणाल्या. "त्यानं वाचला, म्हणून साथ आली."