श्रावणभाऊंचं हेल्मेट

आमच्या नेरमध्ये हेल्मेट घालून पायी फिरणारा एकच माणूस आहे. श्रावणभाऊ मंडपवाले. गाडीवरची पोट्टी उघड्या डोक्यानं बोंबलत जातात, आणि हे भाजी आणायला निघाले तरी डोक्यावर लाल हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आवळलेला. नवखा माणूस विचारतो, भाऊ, गाडी कुठं लावली? तेव्हा ते काच वर करून शांतपणे सांगतात, "आपल्याले पडणं परवडत नाही."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या गोदामासमोरच, त्यामुळं ते मी दिवसातून कितीदा ऐकतो हे विचारूच नका. माझ्या दुकानात कुणी खोकलं की हे रस्त्यापलीकडून हातवारे करून त्याला हाकलतात. लग्नात यांच्या मंडपाखाली अख्खं गाव जेवून जातं, हे कोपऱ्यात बसून घरची भाकर खातात. कुणी आग्रहानं मठ्ठा दिलाच, तर त्यात पाणी कुठलं घातलं ते आधी विचारतात. मुलीच्या बापाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं.

आणि शिडीवर चढायचं म्हणजे तर सोहळाच. खाली गाद्या अंथरायच्या, कमरेला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक कशाला तरी भक्कम बांधायचं. एकदा ते टोक त्यांनी नवरदेवाच्या जीपला बांधलं. वरातीची वेळ झाली, ड्रायव्हरनं जीप सुरू केली, आणि श्रावणभाऊ बांबूला मिठी मारून असे ओरडले की बॅन्डवाले वाजवायचे थांबले. तेव्हापासून दोर फक्त कडुनिंबाला. "झाड स्टार्ट होत नाही," म्हणतात.

हे सगळं विम्याचं वेड, असं गाव धरून चाललं होतं. त्यांची पोरगी वैशू, तिच्या ऑपरेशनच्या वेळी सरकारी योजनेत हे बसत नाही म्हणून दवाखान्यानं सांगितलं, आणि भाऊंना मालाची गाडी विकावी लागली. त्यानंतर त्यांनी घराचा आरोग्य विमा काढला. नोकरदाराचं ठीक आहे हो, दर महिन्याला पगाराची खात्री असते. मंडपवाल्याच्या हातात पैसा येतो लग्नसराईत, आणि हप्ता यायचा ऐन पावसाळ्यात, जेव्हा बेडकांशिवाय कुणाचीच लग्नं होत नाहीत. वर तो दरसाल वाढणार. एका वर्षी भाऊंनी बिडी सोडली, पुढच्या वर्षी मोठा जनरेटर विकला. पण हप्ता भरला की गल्लीभर पेढे. क्लेम केला नाही तर कंपनी बोनस देते म्हणतात, तो वाचवायला हा माणूस शिंकतसुद्धा नाही, असं आम्ही हसून म्हणायचो. धंदा माझाही स्वतःचाच, पण विमाबिमा काही नाही. आमचं सगळं देवाच्या भरवशावर.

ज्या वर्षी हेल्मेट आलं, त्याच वर्षापासून गोदावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, मंडपावर येऊ लागल्या. जेवणाचा डबा आणायचा आणि भाऊ वर चढले की शिडी धरून उभं राहायचं. हाताखाली गडी असताना बाईनं शिडी कायले धरावी? नवऱ्यावर भरवसा नसंल, असं लोक म्हणायचे. वहिनी कुणाला उत्तर देत नसत.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात अचानक वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं. मी पाहुणा म्हणून तिथंच होतो. मंडपाचं कापड फुगलं, शिडी हलली, आणि वहिनी नेमक्या त्या दिवशी माहेरी. दोर कडुनिंबालाच होता, पण जरा जास्तच लांब. भाऊ पडले ते गादीवर, हात मात्र गादीबाहेर.

मी त्यांना स्कूटरवर बसवलं. हेल्मेट डोक्यावर होतंच. म्हटलं, चला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात, एवढे हप्ते भरले ते कोणत्या दिवसासाठी? तर म्हणाले, सरकारी दवाखान्यात चाल. माझं डोकंच फिरलं. हात लोंबकळून राहिला आणि याला बोनस वाचवायचाय! मी रस्त्यातच स्कूटर थांबवून त्यांना नाही नाही ते बोललो.

त्यांनी चांगल्या हातानं काच वर केली.

"माह्यं नाव नाही त्याच्यात, दिलीप. मले शुगर निघाली तवा एजंट म्हणे, तुमच्यासकट हप्ता दुप्पट होते. मंग मीनं माह्यं नाव काढून टाकलं. त्या दोघी हायेत." मग काच खाली ओढत म्हणाले, "गोदीले सांगू नको. तिले वाटते, आपण तिघंही आहो."

ते हेल्मेट, ती भाकर, त्या गाद्या, तो दोर. या माणसाचा विमा तेवढाच होता. आणि ज्या पॉलिसीत स्वतःचं नावच नाही तिचे पेढे तो दरसाल आम्हाला हसत खाऊ घालत होता. असा माणूस मी पाहिला नाही बाप्पा, खोटं कशाला बोलू.

सरकारी दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी वहिनी माहेराहून धावत आल्या. भाऊ आत झोपलेले. वहिनींनी मला ओट्यावर चहा दिला, आणि माझ्या तोंडात तर तीळ भिजत नाही. मी सुरुवात केली, वहिनी, भाऊंच्या विम्याचं जरा...

त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही.

"ज्या वर्षी यायनं हेल्मेट घेतलं ना दिलीपभाऊ, त्याच वर्षी समजलं मले. विमा असलेला माणूस एवढा भेते काय?" दाराकडं बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "त्यायले सांगू नका. त्यायले वाटते, मी डबा द्यायले येतो."

आता दोघांचंही गुपित माझ्याकडं आहे आणि, विश्वास ठेवा, मी ते गिळून बसलोय. हात बरा झाला, भाऊ पुन्हा शिडीवर चढू लागले. एका बाजूनं वहिनी शिडी धरतात आणि दुसऱ्या बाजूनं मी, दुकान अर्ध्यावर टाकून. परवा भाऊंनी वरून काच उघडून विचारलं, तू कायले आला बे? मी सांगितलं, वहिनींनी डब्यात काय आणलं ते बघायला.