बिनधुराचा ट्रॅक्टर

"अख्ख्या रोहण्यात असा ट्रॅक्टर नाई, अन् पुढची धा वर्षं येणार बी नाई!" भैय्याजींनी आपल्या किराणा दुकानाच्या ओट्यावरून जाहीर केलं. २००६ च्या दसऱ्याला त्यांनी नवा कोरा ट्रॅक्टर आणला होता. शोरूमवाल्यानं बजावून सांगितलं होतं, "नव्या सरकारी नियमाचं इंजिन हाय, भैय्याजी. डिझेल पुरतं जळते. धूर दिसणारच नाई!"

तिथंच घात झाला! कारण रोहण्यात ट्रॅक्टरची ताकद बघायची ती धुरावरून. तानबाचा वीस वर्षांचा खटारा चढावर लागला की असा लोट सोडायचा, की झाडावर बसलेले बगळे कावळे होऊन उडायचे! आणि भैय्याजींच्या सायलेन्सरमधून काय निघायचं? काही नाही.

"चालू हाय का बंद?" तानबानं पारावरून विचारलं.

"चालू हाय ना बे! आवाज ऐकू नाई येत?"

"मंग धूर काऊन नाई? धूर नाई त दम कोठचा? बिमार असन. सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती करा!"

अख्खा पार हसला. भैय्याजींच्या ते जिव्हारी लागलं. चार दिवस त्यांना जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी त्यांनी किसनराव मिस्त्रीला बोलावलं. डिझेल पंपाला कंपनीनं तारेचं सील मारलेलं. किसनरावांनी ते पक्कडीनं कचकन तोडलं, स्क्रू दोन आटे फिरवून डिझेल वाढवलं आणि म्हणाले, "मारा स्टार्टर!" काय सांगावं महाराज! असा काळाकुट्ट धूर निघाला, की समोरची भिंत दिसेनाशी झाली. भैय्याजी खोकत खोकत हसले.

आता शकुबाईचं सांगायला हवं. शकुबाई म्हणजे भैय्याजींची वहिनी. थोरला भाऊ गेला, तेव्हापासून पाच एकर एकटीनं करायची. अकरा वर्षं तिचा कापूस आर्वीच्या खरेदी केंद्रावर पहिल्या प्रतीत गेला होता. दव सुकल्याशिवाय ती बोंडाला हात लावायची नाही, आणि वेचलेल्या कापसात वाळल्या पानाचा कण येऊ द्यायची नाही. प्रत ठरवणारा ग्रेडर मूठभर कापूस हातात घ्यायचा आणि न विचारता म्हणायचा, "रोहण्याच्या बाईचा ना?" त्या एका वाक्यासाठी ती वर्षभर राबायची.

यंदा तिचा बैल पायानं अधू झाला होता. "मी नेतो ना, वहिनी!" भैय्याजी म्हणाले. "ट्रॅक्टर काय पुजाले आणला का?"

"न्या भाऊजी. पण वरून ताडपत्री तेवढी झाका."

"झाकाले काय चोरीचा माल हाय? लोकाइले पाहू द्या!"

खरं असं, की भैय्याजींना दोन्ही दाखवायचं होतं. मागं पांढराशुभ्र कापूस, वर काळा धूर! शकुबाई एसटीनं पुढं गेली, आणि भैय्याजींनी मुद्दाम पारावरून ट्रॉली काढली. तानबा उठून उभा राहिला. "आता ट्रॅक्टर वाटते, बावा!" आर्वीपर्यंत प्रत्येक चढावर भैय्याजींनी रेस दाबली. वारा समोरून होता. मागं वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही.

केंद्रावर ग्रेडरनं ट्रॉलीकडे बघितलं, मग भैय्याजींच्या तोंडाकडे.

"हा कोणता वाण म्हणायचा? कापूस आणला का कोळसा?"

भैय्याजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. दुपट्टा काळा! त्यांनी वळून बघितलं. कापसावर जिकडं तिकडं काजळी बसली होती. शकुबाई पुढं झाली. ट्रॉलीवर चढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर पांढरा कापूस वर काढला.

ग्रेडरनं तो बघितला. "आतला तुमचाच हाय, बाई. मी काय ओळखत नाई का?"

दीर-भावजयीनं मिळून वरचा थर काढला. दोन पोती भरली. पण ट्रॉलीच्या हादऱ्यांनी काजळी खाली झिरपली होती. ग्रेडरनं मान खाली घालून दुसरी प्रत लिहिली.

"वहिनी, मले वाटलं धुरानं दम दिसते," भैय्याजी पुटपुटले.

"भाऊजी, माही चूल धूर करते, तवा मी काय म्हणते? चुलीले लय दम आला? म्हणते, लाकूड ओलं हाय, जळून नाई राह्यलं. जे जळलं नाई, थेच धूर होऊन निघते. हे आमच्या घरात पोरीसोरीले बी समजते!" एवढं बोलून तिनं पोत्याचं तोंड आवळलं. "अकरा वर्षं झाली होती, भाऊजी."

भैय्याजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू जागच्या जागी आणवला. फुकटची सर्व्हिस मात्र गेली, सील तुटलेलं ना! तानबा पुन्हा हसायला लागला.

संक्रांतीला शकुबाईनं तिळगुळासोबत एक नवी कोरी गादी पाठवली. त्या दोन पोत्यांतल्या कापसाची सरकी काढून, पिंजून भरलेली. दिरासाठी खास!

"कशी हाय गादी?" तानबानं विचारलं.

"मऊ हाय लेका. लय मऊ हाय," भैय्याजी म्हणाले. "पाठ टेकली का झोपच येत नाई!"