छत्रीमागचे पाहुणे

चियाबाई दुपारी जेवायला येणार होत्या, त्यामुळे आपल्या मुलाचं, कियन सेंगचं, लग्न मोडणार हे बी हाँग मावशींनी सकाळीच मनोमन मान्य करून टाकलं होतं.

मुलगी गुणी होती. लाय पेंग तिचं नाव. औषधांच्या दुकानात काम करायची. चाळिशी ओलांडलेल्या, फ्रीज दुरुस्त करणाऱ्या आणि चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या कियन सेंगला तिने आपणहून होकार दिला होता. अडचण होती ती तिच्या आईची. चियाबाईंची जीभ मलेशियातल्या अख्ख्या पिनांग बेटाला ठाऊक होती, बोलण्यासाठीही आणि चाखण्यासाठीही. लेकीची आधीची दोन स्थळं त्यांनी जेवणावरून परत पाठवली होती. एका घरी मासा फार आंबट झाला होता, दुसऱ्या घरी तो पुरेसा आंबट झाला नव्हता. ज्या घरात स्वयंपाक धड नाही त्या घरात काहीच धड नसतं, असं त्यांचं मत होतं, आणि या मताला विरोध करणारा माणूस पिनांगमध्ये अजून जन्माला यायचा होता.

आणि मावशींचा स्वयंपाक धड नव्हता. हे त्यांना स्वतःला माहीत होतं, समुद्रकाठच्या त्यांच्या जेटीवरच्या झाडून सगळ्या शेजाऱ्यांना माहीत होतं. मावशींचा नवरा हयात असताना मासेमारीवरून मुद्दाम उशिरा परतायचा, असं लोक अजून बोलत.

"मा, बाहेरून मागवू या ना," कियन सेंग म्हणाला.

"वेडा झालास? ती बाई वासावरून दुकान ओळखते. कुठल्या गल्लीतलं, आणि आजचं की कालचं, तेही सांगेल."

म्हणून मावशी कालपासून चुलीपुढे उभ्या होत्या. कोंबडीची करी आणि सोबत पाव होता, काळ्या सोयात शिजवलेलं डुकराचं मांस होतं, केळीच्या पानात वाफवलेला मासा होता, गोड म्हणून तांदळाच्या निळ्या वड्या होत्या. कियन सेंगने करी चाखली आणि ग्लासभर पाणी प्यायला.

"चांगली झालीये."

"मग पाणी कशाला प्यायलास?"

"तहान लागली होती."

"आणि हा दुसरा ग्लास?"

"खूप तहान लागली होती, मा."

मावशींनी ओळखलं. नारळाचं दूध ओतून करी थोडी मवाळ करावी म्हणून त्या बाजारात निघाल्या. निघताना त्यांनी छत्री घेतली आणि मिटलेली तशीच उंच धरली. त्यांचा उजवा खांदा महिनाभर आखडला होता. हाडवैद्याने सांगितलं होतं की चालताना हात सरळ वर ठेवायचा. नुसता हात वर करून बाजारातून चालायची मावशींना लाज वाटे. छत्री असली की निदान कशासाठी तरी हात वर आहे असं दिसायचं.

त्या दिवशी बंदरात एक भली मोठी बोट लागली होती. त्यातले इंग्रज म्हातारे-म्हाताऱ्या तीन महिने समुद्रावर होते. इतकी बंदरं, इतकी देवळं पाहून झाली होती, की झोपलेला बुद्ध काल पाहिला की परवा, आणि झोपला होता तो बुद्ध की त्यांच्यातलाच ऑब्री, यावर त्यांच्यात वाद व्हायचे. पण एक गोष्ट त्यांच्या अंगात पक्की भिनली होती. समोर जे उंच धरलेलं दिसेल त्याच्या मागे जायचं. त्यांचा गाईड सेल्वम घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बायकोचा फोन आला म्हणून हातातली त्यांच्या गटाची सात नंबरची पाटी खाली ठेवून सावलीत गेला. नेमक्या त्याच वेळी मावशी छत्री उंचावून तिथून गेल्या.

नारळवालीच्या दुकानी मावशी थांबल्या, तेव्हा मागे वीस-बावीस माणसंही थांबली आणि खोबरं किसायच्या यंत्राचे फोटो काढू लागली.

"मावशी, हे तुमच्याबरोबरचे का हो?" नारळवालीने विचारलं.

"माझ्याबरोबरचे कुठले? हल्ली बोट लागली की रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते."

पण मावशी निघाल्या तशी ती माणसंही निघाली. मावशी वळल्या की ती वळत. मावशींनी चालण्याचा वेग वाढवला, तसा मागून आवाज आला, "अहो, जरा हळू! ऑब्रीचा गुडघा दुखतोय!" त्या मागे न बघता सुटल्या. जेटीवरची घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी, आणि रस्ता म्हणजे फळ्या. कोण येतंय ते फळ्यांच्या आवाजावरून घरात बसून कळतं. त्या दिवशी कुणाच्या तरी घरी वरात येतेय असंच शेजाऱ्यांना वाटलं.

दारापाशी पोचून मावशींनी धीर केला आणि वळल्या. समोर उन्हाने लालबुंद झालेले चेहरे. प्रत्येकाच्या छातीवर सात हा आकडा लिहिलेली चिकटपट्टी. सगळे प्रेमाने हसत होते. आता दारात उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचं? पिनांगमध्ये कुणीही कुणालाही म्हणतं तेच मावशी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या.

"जेवलात का?"

या प्रश्नाला एकच उत्तर असतं. जेवलो. पोटात कावळे ओरडत असले तरी जेवलो. हा प्रश्न जेवणाबद्दल नसतोच, तो बरं आहे ना, एवढ्याचपुरता असतो. मावशींनी उभ्या जन्मात तो लाखभर वेळा विचारला असेल आणि दुसरं उत्तर एकदाही ऐकलं नव्हतं.

"नाही!" सगळ्यांत पुढची उंच बाई उत्साहाने म्हणाली. मर्टल तिचं नाव. शाळेत मुख्याध्यापिका होती, हे तिने न सांगताही कळायचं. "अजून नाही जेवलो! जेवण इथेच आहे का?" आणि मागे वळून तिने जाहीर केलं, "मंडळी, जेवण इथेच आहे!"

मावशी दारातून बाजूला सरल्या. तोवर इंग्रजांनी बूट-चपला काढून ओळीने लावल्या, कारण देवळांत शिरायची रीत त्यांना तीन महिन्यांत पाठ झाली होती. आत आल्यावर त्यांनी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले. मावशींच्या नवऱ्याचा फोटो बघून "हा देव कशाचा?" असं ऑब्रीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्याच्यापुढे एक नाणं ठेवलं.

स्वयंपाकघरात कियन सेंगच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मा, कोण हे? पोलिसांना बोलवू?"

"काय सांगशील पोलिसांना? घरी पाहुणे आलेत, वाचवा?"

"मग जा म्हणून सांग त्यांना!"

"ते उपाशी आहेत म्हणाले रे! दारात आलेल्या माणसाने तोंडाने सांगितलं, जेवलो नाही म्हणून. आता मी त्याला हाकलू? तुझा बाप बघतोय तिथून."

"अगं, पण ते जेवण चियाबाईंसाठी आहे!"

मावशींचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. एकीकडे लेकाचं लग्न, दुसरीकडे माजघरात मांडी घालून, गुडघे कुरकुरवत बसलेली भुकेली माणसं. मग त्यांनी डाव उचलला. "थोडंथोडंच वाढू," त्या म्हणाल्या. "चवीपुरतं."

पण तीन महिने बोटीवर तेच वाफवलेले मटार आणि तेच पांढरं मांस खाल्लेल्या माणसांना चवीपुरतं कळत नाही. करी तोंडात गेली तसे त्यांचे डोळे पाण्याने भरले, नाकं वाहू लागली, आणि त्यांनी पुन्हा ताटं पुढे केली. "अप्रतिम!" मर्टल नाक पुसत म्हणाली. ऑब्रीने मांसाचं पातेलं पावाने पुसून घेतलं. आपल्या हातचं कुणीतरी मागून खातंय, हे मावशी पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना इतकं बरं वाटलं, की मासा त्यांनी आपणच पुढे सरकवला आणि निळ्या वड्याही काढल्या. चियाबाईंची आठवण त्यांना झाली ती पातेली रिकामी झाल्यावर.

त्यानंतर करीने आपलं काम सुरू केलं. मर्टलने मावशींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "संडास कुठे आहे?"

संडास एकच होता, घराच्या मागच्या टोकाला. इंग्रज माणसाला कितीही घाई असो, तो रांग मोडत नाही. रांग संडासापासून निघून स्वयंपाकघरातून, माजघरातून, दाराबाहेर जेटीवर जाऊन पोचली. आणि पिनांगच्या माणसाला घराबाहेर रांग दिसली की त्याला आत काहीतरी खायला मिळतंय याची खात्री पटते. समोरचे लिम आजोबा डबा घेऊनच आले.

"काय मिळतंय?" त्यांनी रांगेतल्या एका इंग्रजाला विचारलं. त्याला भाषा कळली नाही. तो अवघडून हसला आणि पोटावर हात ठेवला.

"म्हणजे पोटभर मिळतंय," आजोबा स्वतःशी म्हणाले आणि रांगेत उभे राहिले.

एवढ्यात जेटीच्या तोंडाशी चियाबाई दिसल्या. मागे लाय पेंग. खिडकीतून त्यांना पाहताच मावशींनी कियन सेंगचं मनगट धरलं.

चियाबाई रांगेकडे बघत थांबल्या. त्यांनी मान तिरपी करून हवेतला वास घेतला, मग लिम आजोबांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, अगं आपण पाहुण्या आहोत! सरळ आत जाऊ," लाय पेंग म्हणाली.

"गप्प बस. खाण्याच्या रांगेत मी कधी मध्ये घुसले नाही. परदेशातून माणसं येऊन उभी आहेत, बघतेस ना?"

तेवढ्यात फळ्या धडाधड वाजवत सेल्वम धावत आला. पाटी काखेत, शर्ट घामाने चिंब. "माझे सात नंबर!" तो रडवेल्या आवाजात ओरडला. "अख्खं गाव पालथं घातलं! बोट सुटायची वेळ झाली!" माणसं हरवली असती तर त्याची नोकरी त्याच संध्याकाळी गेली असती.

मर्टल बूट घालत म्हणाली, "सेल्वम, तुम्ही होतात कुठे? पण जागा मात्र उत्तम निवडलीत हं! इतकं सुंदर जेवण आम्हाला तीन महिन्यांत एकाही बंदरात मिळालं नाही."

सेल्वमने मावशींकडे पाहिलं. मावशींनी सेल्वमकडे पाहिलं. तो मर्टलकडे वळला. "तुमच्यासाठी खास ठरवून ठेवलं होतं, मॅडम."

"काय हो," चियाबाईंनी त्याची बाही धरून इंग्रजीत विचारलं, "बोटीवरच्या लोकांना तुम्ही मुद्दाम इथे आणता?"

मर्टल ऐकत होती. आता माघार नव्हती. "अख्ख्या पिनांगमध्ये फक्त इथेच, बाई," सेल्वम म्हणाला आणि आपली माणसं हाकत बंदराकडे पळाला.

रांगेत आता लिम आजोबा आणि चियाबाई, दोघंच उरली. ती घरातून मागच्या टोकाच्या दारापर्यंत सरकली. लिम आजोबा डबा घेऊन त्या दारातून आत गेले, जरा वेळ थांबले आणि डबा तसाच घेऊन बाहेर आले. आपण कशासाठी उभे होतो हे कबूल करण्यापेक्षा ते "छान, छान" म्हणत तडक घरी गेले. मग चियाबाईंची पाळी आली. त्यांनी दार उघडलं आणि आत पाहिलं.

पायाखालची फळी मोडावी आणि समुद्राने आपल्याला पोटात घ्यावं, असं मावशींना वाटलं. कियन सेंगने डोळे मिटून घेतले. चियाबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग ताठ मानेने आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "आता जेवण दाखवा."

मावशी रडकुंडीला आल्या. "चियाबाई, कसं सांगू, काही उरलं नाही हो. सगळं त्यांनीच..."

चियाबाईंनी एकेक झाकण उचललं. करीचं पातेलं कोरडं. मांसाचं पातेलं पावाने पुसलेलं, लख्ख. वड्यांच्या परातीत नुसतं केळीचं पान.

"दुपारच्या आत संपलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी नाकारलेल्या दोन्ही घरांत पातेली भरलेली होती. कुणी हात लावला नव्हता, कळलं? आणि इथे मला, मला शितभरसुद्धा मिळालं नाही!" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भक्ती होती. "विहीणबाई, चहा तरी आहे ना?"

विहीणबाई हा शब्द ऐकून कियन सेंगच्या हातून किटली सुटता सुटता राहिली. चहा ओतायला लाय पेंग आत आली आणि मावशींच्या कानाशी वाकली. "मावशी, यांच्या डब्यातली तुमची करी मी दोनदा खाल्लीये."

मावशींचा चेहरा उतरला. "आणि तरी हो म्हणालीस?"

"औषधांच्या दुकानात काम करते मी. पोटाची गोळी जवळ असते."

मावशींनी तिचा हात घट्ट धरला. ही पोर घरात हवीच, असं त्यांना इतक्या तीव्रतेने वाटलं, की चुलीवरचं पाणी उतू गेलेलंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

चहा झाला, मुलांना आशीर्वाद देऊन झाले. निघताना चियाबाई उंबऱ्यात थांबल्या. "दिवस तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही. पण एक सांगून ठेवते. हॉटेलबिटेल काही नाही. लग्नाचं सगळं जेवण तुमच्या हातचं हवं. आमचे सारे नातेवाईक येतील. मी आजच सगळीकडे सांगत सुटणार आहे."

त्या गेल्या. फळ्यांचा आवाज दूर जाऊन थांबला. बंदरात बोटीने लांबलचक भोंगा दिला. मावशी रिकाम्या पातेल्यांच्या मधोमध पाटावर बसल्या.

"मा," कियन सेंग म्हणाला, "आपण पळून जाऊन लग्न करू का?"

मावशींनी ऐकलंच नाही. त्या खिडकीतून सरकत चाललेल्या बोटीकडे बघत होत्या. "ही बोट आता परत कधी येते रे इकडे?"

"पुढच्या वर्षी."

"मग लग्नही पुढच्या वर्षी," मावशी उठत म्हणाल्या. "बोट लागेल त्याच दिवशी. पळ, त्या सेल्वमला गाठ, आणि त्या मर्टलबाईला कळवायला लाव, येताना सगळ्यांना घेऊन ये म्हणावं. वऱ्हाडाच्या आधीच्या पंगतीला बसवते."