तात्यांची केबल

आमच्या शेजारचे तात्या हातात दिलेला चहा लगेच पीत नाहीत. आधी कप उजेडाकडे धरतात, थोडा कलता करतात, कडेला धरलेली साय बघतात, वास घेतात, आणि मग एक घोट. लग्नातल्या बासुंदीचंही तेच. बारामतीच्या एमआयडीसीत, एका डेअरीत, तात्यांनी आयुष्यभर दूध तपासलं. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. आता माणसं तपासतात. शिकलेला पण कोरडा माणूस भेटला की म्हणतात, "डिग्री चांगली हाय, पन फॅट लागत न्हाय."

खोटं त्यांना खपत नाही. पाहुणा म्हणाला, "आत्ताच जेवून आलो," की तात्यांचं उत्तर तयार. "तोंड सुकलंय की. बसा ताटावर!"

मी सांगवीच्या शाळेत शिकवते. परवाच्या हिवाळ्यात माझ्या मुलीची, अश्विनीची, नोकरीची मुलाखत होती. घरूनच, लॅपटॉपवर, दुपारी तीनला. दीडच्या सुमारास नेट गेलं. मोबाइलवरचं नेट तर आमच्या गल्लीत दुपारची झोपच काढतं. नेटच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "उद्या येतो." अश्विनी रडायलाच लागली. मी तात्यांना हाक मारली.

तात्या आले, हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले. भिंतीवर दोन डबे. एक मोडेम, त्यात बाहेरची लाइन येते. दुसरा राउटर, तो ती घरभर पसरवतो. दोन्हींच्या मधे एक निळी केबल. मोडेमचे दिवे हिरवे, राउटरचा एक लाल.

"कशाला हात लावलाय का, बाई?"

"राउटर बंद-चालू केला, केबल हलवली, मग..."

"म्हंजे नमुना नासवला." तात्यांनी डोळे मिटले. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं गुण आला, कळायचं कसं?"

त्यांनी दोन्ही डबे बंद केले. आधी मोडेम लावला. "आता गप बसायचं. त्याला जागं व्हायला वेळ द्यायचा."

आम्ही बसलो. बाहेर उसाला तुरे आले होते. वारा आला की सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखं वाटायचं. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत माझ्या पायापाशी आली. अश्विनीचं मुसमुसणं कधी थांबलं, मला कळलंच नाही. क्षणभर मुलाखत, नोकरी, सगळं कुठं तरी लांब गेलं.

"हं," तात्या म्हणाले आणि राउटर लावला. दिवा लालच.

मग तीच केबल राउटरमधून काढून त्यांनी लॅपटॉपला जोडली. तिथंही काही नाही. "राउटर सुटला. आता संशय दोघांवर. मोडेम न्हायतर केबल." पावणेतीन झाले होते. तात्या घरी गेले आणि स्वतःची केबल काढून घेऊन आले. ती दोन्ही डब्यांच्या मधे लावली. जरा वेळ गेला. लाल दिवा हिरवा झाला.

अश्विनी ओरडलीच. तात्यांनी आमची केबल उजेडाकडे धरली. टोकाजवळ उंदरानं कुरतडली होती.

"पण तात्या, तुमचं नेट?"

"माजं काय? मला कुठं हापिसात लागायचंय?"

मुलाखत चांगली झाली. पुढच्या महिन्यात तिला ती नोकरीही लागली. पण त्या दिवशी मुलाखत संपताच मी तात्यांची केबल परत द्यायला निघाले.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आत कमलकाकू, तात्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन वर्षांपासून काकूंना माणसं ओळखू येत नाहीत. ओळखतात त्या एकट्या धाकट्या बहिणीला, निरवांगीच्या शकूला. ती रोज तीनला व्हिडिओ कॉल करते, तिकडं भाजी निवडत बसते, आणि तिच्याकडं बघत काकू चार घास खातात. हे मला ठाऊक होतं. पण केबल घेताना माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकूंच्या समोर तात्या बसले होते. उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलेलं, पुढ्यात मेथीची जुडी. मान खाली घालून एकेक पान खुडत होते.

"शके," काकू म्हणाल्या, "तुमच्याकडं पाट सुटला का गं?"

तात्यांचा हात थांबला. मग बारीक आवाजात म्हणाले, "व्हय, अक्का. सुटलाय."

काकूंनी एक घास खाल्ला. थोड्या वेळानं दाराकडं बघत म्हणाल्या, "आमचं मानूस कुठं गेलं गं? सकाळधरनं दिसलं न्हाय."

"येत्याल की," तात्या म्हणाले. "तू जेव आधी."

मी केबल उंबऱ्यावर ठेवली आणि आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन परत फिरले.